अल्पमात्रेतील भूल-औषधांनी वेदनाशमन

शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण भूल (शुद्धिहरण) देताना वापरली जाणारी औषधे, शुद्ध हरपणार नाही इतक्या कमी मात्रेत देऊन वेदना शमविण्याची पद्धती. रुग्ण जागा असतो, हाकेला ओ देतो, त्याला गिळता-खोकता येते. वेदना मात्र बोथट होते, किंवा जाणवत असूनही पूर्वीसारखी छळत नाही. प्रसूतीच्या कळा, मोडलेले हाड जागी बसविणे, भाजलेल्या जखमेची मलमपट्टी आणि अफूवर्गीय औषधांना दाद न देणारे दुखणे येथे तिचा मुख्य उपयोग होतो.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. सर्वांत जुना दाखला इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांच्या १८०० मधील ग्रंथात सापडतो. ब्रिस्टल (इंग्लंड) येथे नायट्रस ऑक्साइड (हसविणारा वायू) स्वतः हुंगून प्रयोग करीत असताना त्यांना अक्कलदाढ येत होती. हिरडी सुजून विश्रांती आणि काम दोन्ही अशक्य झाले होते. चार-पाच श्वासांतच ठणका कमी होत असे, अशी नोंद त्यांनी केली आहे. वायूचा अंमल उतरला की दुखणे परत येई आणि एकदा तर ते आधीपेक्षा वाढल्यासारखे वाटले, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. पुढील इतिहासकार या दुसऱ्या वाक्याकडे बहुधा दुर्लक्ष करतात; वस्तुतः अल्पमात्रेच्या परिणामाची मर्यादा त्यातच प्रथम दिसते. अमेरिकन दंतवैद्य हॉरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये हाच वायू दात काढण्यासाठी वापरला, परंतु त्यांना हवी होती ती पूर्ण संवेदनहीनता. म्हणून त्यांना या परंपरेत धरणे योग्य वाटत नाही.

दुसरे मत इंग्रज वैद्य जॉन स्नो यांच्याकडे श्रेय देते. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीत त्यांनी रुमालावर क्लोरोफॉर्म थोडे थोडे टाकून, कळ येईल तेव्हा हुंगण्यास दिले. हा क्रम ५३ मिनिटे चालला आणि राणींची शुद्ध पूर्णपणे कधीच गेली नाही. मात्रा इतकी अल्प होती की, गुणाचा काही भाग विश्वासाचा असावा, अशी शंका घेतली जाते. ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. प्रस्तुत नोंदीत वैद्य स्टॅनिस्लाव क्लिकोविच यांच्या कार्याला अधिक महत्त्व दिले आहे. सेंट पीटर्झबर्ग येथे त्यांनी ८० टक्के नायट्रस ऑक्साइड व २० टक्के ऑक्सिजन यांचे मिश्रण प्रसूतीत वापरून १८८१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्री शुद्धीवर राहते व गर्भाशयाचे आकुंचन मंदावत नाही, हे त्यांनी पाहिले. बेशुद्धीच्या अलीकडे थांबणे हा येथे मुद्दाम ठरविलेला हेतू होता.

बेशुद्धीच्या अलीकडच्या याच अवस्थेत शस्त्रक्रिया उरकण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकन भूलतज्ज्ञ जोसेफ आर्टुसिओ यांनी ईथर हे भुलेचे बाष्प वापरून केला. भुलेची पहिली म्हणजे वेदनाशमनाची अवस्था त्यांनी १९५४ मध्ये तीन पातळ्यांत विभागली आणि हृदयाच्या शस्त्रक्रियाही त्या अवस्थेत पार पाडल्या.

क्रिया : प्रत्येक भूल-औषध कमी मात्रेत वेदना शमवतेच, असा समज चुकीचा आहे. भूलतज्ज्ञ जॉन डंडी व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये नडगीच्या हाडावर मोजून दाब देत असे दाखविले की, थायोपेंटोन या शिरेतून देण्याच्या भूल-औषधाच्या अल्पमात्रेने दाबाची वेदना लवकर जाणवू लागते. हॅलोथेन हे हुंगण्याचे भूल-औषधही या कामी दुबळे आहे. नायट्रस ऑक्साइडची गोष्ट उलट : एकट्याने भूल देण्यास ते फारच कमजोर (सामान्य वातावरणीय दाबाखाली त्याचे १०० टक्केही अपुरे पडतात), पण वेदनाशामक म्हणून उत्तम. मेंदूतील अंतर्जात (शरीरातच तयार होणारी) अफूसदृश द्रव्ये मोकळी होऊन मेरुरज्जूकडे उतरणारे वेदनारोधक मार्ग जागे होतात, हे स्पष्टीकरण सामान्यतः मान्य आहे. केटामीन हे भूल-औषध एनएमडीए ग्राही (चेतापेशींवरील, उत्तेजक संदेश स्वीकारणारे रेणू) रोखते. सततच्या वेदनेने मेरुरज्जूतील चेतापेशी अधिकाधिक उत्तेजित होत जातात, ती चढण त्यामुळे थांबते. केटामीनचा सगळा गुण याच ग्राहीमुळे येतो का, यावर वाद आहे.

वायू व बाष्पे : इंग्रज भूलतज्ज्ञ रॉबर्ट मिनिट यांच्या १९३३-३४ मधील, प्रसूतीसाठीच्या उपकरणात नायट्रस ऑक्साइड आणि हवा निम्मेनिम्म असत. त्यामुळे ऑक्सिजन जेमतेम १० टक्के उरे, आणि ही उणीव गंभीर होती. ब्रिटिश भूलतज्ज्ञ मायकेल टन्स्टॉल यांनी १९६१ मध्ये ५० टक्के नायट्रस ऑक्साइड व ५० टक्के ऑक्सिजन एकाच सिलिंडरमध्ये भरण्याची रीत आणली (एंटोनॉक्स). मात्र सुमारे उणे ६ अंश से. खाली या मिश्रणातील वायू वेगळे होतात. नायट्रस ऑक्साइड द्रवरूप होऊन तळाशी बसते. सुरुवातीला ऑक्सिजनच अधिक येतो व दुखणे थांबत नाही, तर शेवटी जवळजवळ शुद्ध नायट्रस ऑक्साइड येऊन जीव गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून गारठलेला सिलिंडर आधी उबेत आणून उलटसुलट करावा लागतो.

या पद्धतीतील सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे मुखवटा रुग्णाच्याच हाती असणे. श्वास ओढला की झडप सुस्कारा टाकून उघडते. गुंगी चढली की हात सैल पडतो, मुखवटा ढळतो आणि औषध आपोआप बंद होते. त्यामुळे मुखवटा दुसऱ्या कोणी, अगदी मायेने सुद्धा, धरून ठेवू नये. पूर्ण गुण यायला सुमारे ५० सेकंद लागतात, म्हणून कळ ऐन भरात येण्याची वाट न पाहता तिची चाहूल लागताच श्वास घेणे सुरू करावे लागते. छातीच्या पोकळीत हवा साठलेली असल्यास (वातवक्ष) हा वायू वर्ज्य आहे. वारंवार वापराने ब-१२ जीवनसत्त्व निष्क्रिय होते.

हुंगण्याच्या बाष्पांपैकी ट्रायक्लोरोएथिलीन आता इतिहासजमा झाले आहे. मेथॉक्सीफ्लुरेन हे दुसरे बाष्प मोठ्या मात्रेत मूत्रपिंडांना अपायकारक ठरल्याने भुलेसाठी मागे पडले. पण ऑस्ट्रेलियातील रुग्णवाहिकांत ते १९७० च्या दशकापासून ३ मिलि. मात्रेत, हिरव्या शिट्टीसारख्या नळीतून दिले जाते.

केटामीन : हे औषध अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी १९६२ मध्ये संश्लेषित केले. भुलेसाठी शिरेतून दर किग्रॅ. वजनास १ ते २ मिग्रॅ. लागते, तर वेदनाशमनास ०·१ ते ०·३ मिग्रॅ. पुरते. अमेरिकेतील तीन तज्ज्ञ-संघटनांच्या २०१८ मधील मार्गदर्शनात तीव्र वेदनेसाठी एकावेळची मात्रा ०·३५ मिग्रॅ. पर्यंत व संथ धार ताशी १ मिग्रॅ. पर्यंत मर्यादित आहे (दोन्ही दर किग्रॅ.). श्वसन बहुधा टिकून राहते आणि अफूवर्गीय औषधांची गरज घटते. शरीरापासून अलग झाल्याची भावना, भ्रम आणि मळमळ हे त्रास संभवतात. ते रुग्णाला आधी सांगून ठेवले तर भीती पुष्कळ ओसरते. दीर्घकाळच्या दुरुपयोगाने मूत्राशयास इजा होते.

स्थानिक संवेदनाहारके : ठरावीक भागच बधिर करणारी ही औषधे संपूर्ण भुलेची नव्हेत, पण तीही अल्पमात्रेत वेदनाशमनासाठी वापरतात. लिडोकेनची संथ धार शिरेतून देऊन पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना कमी करतात, हृदयाच्या तालावर मात्र सतत लक्ष ठेवावे लागते. प्रसूतीत मेरुरज्जूच्या आवरणाबाहेर पूर्वी ०·२५ टक्के ब्युपिव्हाकेन (याच वर्गातील औषध) देत. आता ०·०६२५ ते ०·१२५ टक्के विद्रावात थोडे फेंटॅनिल (अफूवर्गीय औषध) मिसळतात, त्यामुळे पायांतील बळ बव्हंशी शाबूत राहते.