छायाचित्रांचा व्हिडिओ करताना: कोडेकच्या निवडीमागचा इतिहास

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे आणि पुढे ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, की अख्ख्या कोल्हापूरचे लक्ष त्या एका आकड्याकडे लागते. शुक्रवार पेठेतल्या एखाद्या गच्चीवर कॅमेरा बसवून दर मिनिटाला नदीचे एक छायाचित्र घेतले, तर दिवसभरात १४४० छायाचित्रे जमतात आणि सेकंदाला २४ या वेगाने ती जोडल्यास बरोबर एक मिनिटाचा व्हिडिओ होतो. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि चित्रांवर काम करणारे ओपनसीव्ही हे तिचे पॅकेज वापरून हे काम वीस-पंचवीस ओळींत उरकते. त्यांतल्या एका ओळीत मात्र ‘एमजेपीजी’, ‘एक्सव्हीआयडी’, ‘एमपी४व्ही’ किंवा ‘एव्हीसी१’ अशी कोडेक सांगणारी चार अक्षरे द्यावी लागतात, आणि बहुतेक जण ती जुन्या कोडमधून जशीच्या तशी उचलतात.

कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून आकाराने लहान करण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत; मुळात ती लागते कशाला, हे साध्या हिशेबाने कळते. १९२० बाय १०८० आकाराच्या एका रंगीत चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात, म्हणजे वरचा एक मिनिटाचा व्हिडिओ न दाबता ठेवला तर तो जवळपास ९ जीबीचा होईल. हा भार हलका करणाऱ्या गणिताचा पाया बंगळूरमध्ये जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातल्या एका गणिती रूपांतरात आहे. चित्राचा छोटा चौकोन घेऊन त्यातले ठळक चढउतार जपायचे आणि डोळ्यांना जाणवणार नाहीत असे बारकावे सोडून द्यायचे, ही सोय त्या रूपांतरामुळे झाली. छायाचित्रांच्या १९९२ च्या जेपीईजी मानकात तेच रूपांतर आहे, आणि ‘एमजेपीजी’ म्हणजे अशा दाबलेल्या चित्रांची निव्वळ रांग होय.

पण नदीच्या दोन लागोपाठच्या चित्रांत घाट तोच, मंदिरे तीच. बदलते ते फक्त पाणी. म्हणून आधीच्या चित्राशी असलेला फरकच तेवढा साठवण्याची पद्धत रुजली. दूरध्वनीच्या डिजिटल तारांवरून चित्रसंवाद व्हावा यासाठी १९८८ मध्ये आलेले एच.२६१ हे मानक याच तत्त्वावर उभे होते, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या एमपीईजी गटाने पुढे सीडी आणि डीव्हीडीसाठी तोच मार्ग धरला. चार अक्षरांच्या खुणेचा उगम त्याहून जुना आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये फाइलचा प्रकार चार अक्षरांनी ओळखला जाई, कारण चार अक्षरे ३२ बिटांच्या एका संख्येत नेमकी मावतात. मायक्रोसॉफ्टच्या १९९२ च्या एव्हीआय फाइलमध्येही ती पद्धत आली आणि आजच्या कोडपर्यंत टिकली. एव्हीआय किंवा एमपी४ हा नुसता डबा असतो आणि आतला माल कोणता ते ही खूण सांगते, हे नीट ध्यानात ठेवले पाहिजे.

सर्वांत जास्त घोटाळा ‘एमपी४व्ही’ आणि ‘एव्हीसी१’ यांच्यात होतो. पहिले १९९९ चे एमपीईजी-४ भाग २ आहे, ज्याच्या कुळातला एक्सव्हिड आहे. दुसरे २००३ चे एच.२६४. दोन्हींच्या फाइलचे नाव ‘.एमपी४’ने संपते, पण ब्राउझर सहसा दुसरेच दाखवतात. तरीही ओपनसीव्हीच्या नेहमीच्या पायथॉन पॅकेजमध्ये पहिले चालते आणि दुसरे पुष्कळदा अडते, याचे कारण परवान्यात आहे. त्या पॅकेजसोबत येणारे एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ लिहिणारे-वाचणारे सॉफ्टवेअर, एलजीपीएल या सैल खुल्या परवान्याखाली बांधलेले असते, तर एच.२६४ लिहिणारे एक्स२६४ हे सॉफ्टवेअर जीपीएल या अधिक कडक खुल्या परवान्याखाली आहे, म्हणून ते त्यात घालता येत नाही. शिवाय एच.२६४ वर पेटंटचे शुल्क होते. सिस्कोने २०१३ मध्ये स्वतःचे ओपनएच२६४ खुले करून, आपण वाटलेल्या तयार प्रोग्रामपुरते ते शुल्क भरण्याची जबाबदारी घेतली, ती याच अडचणीपायी. २०१३ च्या एच.२६५ भोवती परवान्यांचा गुंता आणखी वाढला, तेव्हा गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स आदी कंपन्यांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन २०१८ मध्ये विनाशुल्क एव्ही१ दिले. ते उत्तम दाबते, पण साध्या लॅपटॉपवर फाइल तयार व्हायला वेळ घेते.

रंगाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डोळा उजेडातला फरक चटकन टिपतो, रंगातला तितका नाही. म्हणून रंगीत दूरचित्रवाणीच्या काळापासून उजेड आणि रंग वेगळे ठेवून रंगाचा तपशील कमी करण्याची रीत आहे. ४:२:० या मांडणीत चार बिंदूंना मिळून रंगाची एकच नोंद उरते. पाणीपातळीच्या पट्टीवर गडद पार्श्वभूमीवर लाल आकडे असतील, तर त्यांच्या कडा याच टप्प्यावर पसरतात आणि ३९ चा ९ दुरून ८ सारखा दिसू लागतो. चित्राची लांबी-रुंदी सम असावी लागते तीही याच मांडणीमुळे. उलट, पीएनजी (काहीही न गाळता साठवलेली) चित्रे एफएफएमपेगला देऊन मांडणी सांगितलीच नाही, तर एक्स२६४ पूर्ण रंगांची ४:४:४ फाइल बनवते आणि ती अनेक फोनवर उघडत नाही. तिथे ‘वाययूव्ही४२०पी’ हाताने लिहावे लागते.

म्हणून पुराच्या नोंदीसाठी मी दोन फाइल करतो. लोकांना पाठवायची एच.२६४ मध्ये, ४:२:० रंगांत. आणि पट्टीवरचा आकडा पुढे कधी पुन्हा वाचावा लागला तर जपून ठेवायची एफएफव्ही१ मध्ये, मूळ चित्रांच्याच रंगमांडणीत; २००३ पासूनच्या या कोडेकमध्ये एकही बिंदू बदलत नाही, आणि फाइल कित्येक पट मोठी झाली तरी ते मला चालते.