गाळलेली जागा कुठून आली

गोव्यात आमच्या डिचोलीच्या बाजूला जेवताना कुणी 'आणखी शीत घाल' म्हणालं की पानात भात पडतो. त्याच घरातलं पाचवीचं मूल मराठीच्या धड्यात 'शीत वारा' वाचतं आणि अर्धा क्षण थबकतं. भाताचा वारा? मग शेजारच्या 'वारा' या शब्दाकडे बघतं, पुढच्या ओळीतली शेकोटी बघतं आणि पुढे सरकतं. कोश उघडत नाही, कुणाला विचारतही नाही.

वाचनाच्या परीक्षांना हाच अर्धा क्षण मोजायचा असतो. अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची सॅट असो, परदेशी विद्यार्थ्यांचं इंग्रजी तपासणारी टोफेल असो, पदव्युत्तर प्रवेशाची जीआरई असो, आपल्या विद्यापीठांच्या प्रवेशाची सीयूईटी असो की बँकेची भरती, कुठे उताऱ्यातल्या एखाद्या शब्दाखाली रेघ मारून 'इथे याचा अर्थ काय' असं विचारतात, तर कुठे शब्द गाळून त्या जागी पर्याय निवडायला लावतात. पूर्वी हे असं नव्हतं. शब्द एकटा यायचा आणि त्याचा विरुद्धार्थी सांगायचा असायचा. ही पद्धत का बदलली ते ठाऊक नसलं की सरावही भलत्याच दिशेने जातो. शिकवणीत हे मी बरीच वर्षं बघतोय, म्हणून हा मागोवा.

शब्दाचा अर्थ वाक्यातून उमगतो हा शोध काही परीक्षा मंडळांनी लावलेला नाही. आपल्या पाठशाळांत अमरकोश मुखोद्गत करून घेत, ते एक टोक. पण कोश ही शब्द कळण्याची आठांपैकी फक्त एक वाट आहे असं सांगणारा श्लोकही त्याच पाठशाळांत शिकवला जाई: 'शक्तिग्रहं व्याकरणोपमानकोशाप्तवाक्याद् व्यवहारतश्च। वाक्यस्य शेषाद्विवृतेर्वदन्ति सान्निध्यतः सिद्धपदस्य वृद्धाः॥' व्याकरण, उपमान, कोश, जाणत्याचं सांगणं, रोजचा व्यवहार, वाक्याचा उरलेला भाग, विवरण आणि ओळखीच्या शब्दाचा शेजार. शेवटच्या वाटेचं नैयायिकांचं, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचं, उदाहरण फार सुरेख आहे. 'इह सहकारतरौ मधुरं पिको रौति.' पिक म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण आंब्याच्या झाडावर बसून गोड आवाज काढणारं दुसरं कोण असणार? कोकीळ. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी तर 'यव' म्हणजे नेमकं कुठलं धान्य हा वाद वाक्यशेषावरच, म्हणजे वाक्याच्या उरलेल्या भागावरच, मिटवला. इतर वनस्पती सुकतात तेव्हाही जे टवटवीत उभं राहतं ते, असं त्याच वेदवाक्यात पुढे येतं, म्हणून यव म्हणजे जव, कांग नव्हे. 'सैंधव आण' हे तर सर्वांच्या ओळखीचं. जेवणाच्या पानावरून हाक आली तर मीठ आणायचं, बाहेर निघालेल्या माणसाने म्हटलं तर घोडा.

व्याकरणकार भर्तृहरीने आपल्या वाक्यपदीय या ग्रंथात अशा खुणांची यादीच दिली आहे: संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण म्हणजे प्रसंग, देश, काल आणि आणखी काही. राम आणि लक्ष्मण जोडीने आले तर तो दशरथाचा राम. राम आणि अर्जुन वैरी म्हणून आले तर तो परशुराम, आणि अर्जुनही पांडव नव्हे, कार्तवीर्य. आजची क्लासची पुस्तकं 'काँट्रास्ट क्लू' म्हणून जे चौकटीत छापतात ते हेच. सगळं आमच्याकडे आधीच होतं, हे सांगायची हौस मला नाही. भर्तृहरीला कुणाला नापास करायचं नव्हतं. त्याला अर्थ कसा ठरतो हे समजून घ्यायचं होतं, आणि फरक इथेच पडतो.

परीक्षेतला प्रश्न आला अमेरिकेतून, आणि घाईतून. तिथल्या शाळांतली पोरं झपाट्याने वाढली आणि हजारो उत्तरपत्रिका लवकर तपासायचा मार्ग हवा झाला. फ्रेडरिक केली यांनी 1915च्या सुमारास कॅन्ससमध्ये मूकवाचनाची चाचणी केली. एकच उत्तर बरोबर, बाकी चूक, तपासणाऱ्याच्या मर्जीला वावच नाही. दोनच वर्षांनी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मुलं परिच्छेद वाचताना कुठे चुकतात ते तपासलं. त्यांना दिसलं की मूल एखाद्या शब्दाला नको इतकं वजन देतं, बाकीच्यांकडे काणाडोळा करतं आणि त्या एका शब्दावर अख्खा अर्थ उभा करतं. वाचणं म्हणजे विचार करणं, हा त्यांचा 1917चा निष्कर्ष आजही जुना वाटत नाही.

गंमत अशी की याच थॉर्नडाइक यांनी 1921 साली शिक्षकांसाठी 10,000 शब्दांची यादी छापली. कुठला शब्द छापील मजकुरात किती वेळा येतो ते मोजून केलेली. वाक्यातून सुटे केलेले शब्द मोजता येतात, आणि मोजता येईल ते परीक्षेत घालता येतं. त्याच वर्षी आमच्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांच्या पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रहाचा दुसरा खंड पोर्तुगालमधल्या कोइंब्रात निघाला. त्यांनी शब्द मोजले नाहीत. प्रत्येक शब्दाखाली जुन्या प्रवाशांची, इतिहासकारांची वाक्यं मांडली, म्हणजे तो शब्द कुणाच्या तोंडी कसा वागला ते दिसावं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण शब्दाकडे बघण्याच्या दोन तऱ्हा एकाच वर्षी दिसतात म्हणून नोंदवलं.

पहिली सॅट 23 जून 1926 रोजी झाली. सुमारे आठ हजार मुलं, 97 मिनिटं, 315 प्रश्न. इतक्या वेळात विचार करायला कुणाला फुरसत मिळणार? व्याख्या, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध (एका जोडीतल्या शब्दांचं जे नातं तेच दुसऱ्या कुठल्या जोडीत आहे ते ओळखणं) हे स्वतंत्र विभाग होते, परिच्छेदवाचनाचाही एक होता. पुढची सत्तर वर्षं विरुद्धार्थी शब्द टिकले आणि त्यांच्या आधाराने शब्दयाद्यांचा धंदा उभा राहिला. कधी कुणाच्या बोलण्यात न येणारे शब्द, पत्त्यांसारख्या कार्डांवर, पुढे शब्द, मागे अर्थ. 1994 साली सॅटमधून विरुद्धार्थी शब्द गेले. 2001 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष रिचर्ड अ‍ॅटकिन्सन यांनी जाहीर भाषणात सांगितलं की एका चांगल्या शाळेत त्यांनी बारा वर्षांची मुलं शब्दसंबंध घोटताना पाहिली. सॅटचा एवढा मोठा गिऱ्हाईक हात आखडता घेतोय म्हटल्यावर सूत्रं हलली, आणि 2005 साली शब्दसंबंधही गेले. जीआरईने 2011 मध्ये तोच मार्ग धरला. टोफेलमध्ये 1964 पासून चालत आलेले सुटे शब्दप्रश्न 1995 सालीच वाचनाच्या उताऱ्यात शिरले होते.

मग 2016 साली सॅटने वाक्यातल्या गाळलेल्या जागाही काढल्या आणि उताऱ्यातल्या ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ विचारायला सुरुवात केली. पुढे परीक्षा संगणकावर आली, भारतासारख्या बाहेरच्या देशांत 2023 मध्ये आणि अमेरिकेत 2024 मध्ये. उतारे 25 ते 150 शब्दांइतके आखडले, प्रत्येकावर एकच प्रश्न. आणि गाळलेली जागा परत आली! सात-आठ वर्षांपूर्वी जिची पाठवणी झाली होती ती आता चार-पाच ओळींचा संसार घेऊन आली, एवढाच फरक.

गाळलेल्या जागेची स्वतःची कहाणी आणखी वेगळी आहे. 1953 साली विल्सन टेलर या पत्रकारितेच्या अभ्यासकाने मजकुरातला दर पाचवा किंवा ठरावीक अंतरावरचा शब्द डोळे मिटून गाळायचा आणि वाचकाला तो भरायला लावायचा, अशी रीत काढली. नाव दिलं 'क्लोझ', अपुरी आकृती मनात पुरी करण्याच्या सवयीवरून. तपासायचा होता मजकूर, वाचक नव्हे. लोकांना जागा भरता आल्या तर लिखाण सोपं, नाही तर लिहिणाऱ्याचं चुकलं. वर्तमानपत्राचं गद्य मापायला घडवलेली ही पट्टी पोरांच्या पाठीला कधी लागली ते कळलंच नाही. आज म्हापशापासून मडगावपर्यंत बँकेच्या परीक्षेचे क्लास हिला 'क्लोज टेस्ट' म्हणतात आणि पोरांना वाटतं, जवळचा पर्याय निवडायचा म्हणून क्लोज. शिवाय तिथे दर पाचवा शब्द गाळत नाहीत, निवडून गाळतात. टेलरना ती त्यांची म्हणून ओळखूही येणार नाही.

या सगळ्यात माझ्या आवडीचा माणूस मात्र परीक्षेवाला नाही. मायकल वेस्ट. इंग्रज शिक्षणाधिकारी, ढाक्यात नेमणूक, समोर बंगाली पोरं. त्यांना दिसलं की या मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचायला लागणार आहे, आणि पुस्तकं अशी की ओळीओळीला नवा शब्द. मग त्यांनी वाचनमाला लिहिल्या: नवे शब्द थोडे, आणि आलेला शब्द पुन्हा पुन्हा भेटणार. 1953 साली, टेलरचा लेख आला त्याच वर्षी, वेस्ट यांची सुमारे 2,000 शब्दांची यादी निघाली. यादीच, पण खुबी अशी की एका शब्दाचे किती अर्थ आणि त्यांतला कुठला शंभरात किती वेळा येतो, हेही तिने दिलं. म्हणजे यादीतसुद्धा शब्दाबरोबर त्याचं प्रकरण आलं. आपल्याकडे घोटायच्या याद्या पोचल्या, वेस्ट यांचे आकडे नाही पोचले.

इथे गोव्याची गोष्ट येते. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी, काही कोकणी. पाचवीला मूल हायस्कुलात जातं आणि विज्ञान, भूगोल, सगळंच इंग्रजीत सुरू होतं. त्या वर्षी वहीत तीन रकाने आखले जातात: नवा शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. तिसरा रकाना वेस्ट यांना आवडला असता, पण आमची मुलं वस्ताद. 'कृतघ्न' या शब्दाचा वाक्यात उपयोग करा? 'गुरुजींनी फळ्यावर कृतघ्न हा शब्द लिहिला.' वाक्य शुद्ध, चूक काढायला जागा नाही, आणि कृतघ्न म्हणजे काय ते ना लिहिणाऱ्याला कळलं ना वाचणाऱ्याला. मीही असली वाक्यं लिहून गुण घेतलेत.

या वाक्याची जात संशोधकांनी 1983 मध्ये नोंदवून ठेवली आहे. इसाबेल बेक, मार्गारेट मॅकीओन आणि एलेन मॅककॅस्लिन यांनी दाखवलं की सगळे संदर्भ सारखे नसतात. काही वाक्यं अर्थ हातात देतात, काही दिशा तेवढी दाखवतात, काही गप्प बसतात, आणि काही चक्क भलतीकडे नेतात. परीक्षेतले उतारे पहिल्या जातीचे असतात, कारण खुणा पेरल्याशिवाय एकच उत्तर बरोबर ठरवता येत नाही. गोष्टीच्या पुस्तकातल्या लेखकाला ही सक्ती नसते. म्हणूनच परीक्षेचे उतारे सोडवून खुणा हुडकण्याची सवय लागते, पण शब्दसंपत्ती वाढते असं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लासांच्या जाहिराती त्या एकाच तागडीत तोलतात.

आकडे याहून निष्ठुर. स्वानबोर्न आणि द ग्लॉपर यांनी 1999 मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांची बेरीज मांडली, तेव्हा सहज वाचताना भेटलेल्या शंभर नव्या शब्दांपैकी सुमारे पंधरा डोक्यात राहतात असं निघालं. हू आणि नेशन यांचा 2000 सालचा अभ्यास सांगतो की मजकूर कुणाच्या मदतीविना नीट कळायला त्यातले साधारण 98 टक्के शब्द आधीच ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एक नवा. पाचवीच्या मुलाला विज्ञानाच्या पानावर ओळीत दोन-तीन नवे शब्द भेटतात. तिथे 'संदर्भावरून ओळख' असं सांगणं म्हणजे आंब्याचं झाडच ठाऊक नसलेल्याला पिक ओळखायला लावणं.

याद्या टाकाऊ नव्हेत, हेही कबूल करतो. पहिले दोन हजार शब्द पाठ करावेच लागतात, सगळ्या आठ वाटा मोकळ्या असताना कोशाची वाट बंद करण्यात शहाणपण नाही. त्यापुढे मात्र घोटण्याने भागत नाही. परीक्षा आता मोठेच शब्द विचारते असं नाही, साधेही विचारते. गेल्या वर्षी एका मुलाला मी वाक्य दिलं, औषधाने रोगाचा प्रसार 'अरेस्ट' केला. त्याने झटकन 'अटक' निवडलं, कारण कार्डाच्या मागे अटकच छापलं होतं. रोगाला बेड्या कशा घालणार, असं विचारल्यावर तो हसला आणि 'थांबवला' म्हणाला. इतका वेळ उत्तर त्याच्याकडेच होतं, फक्त वाक्याकडे बघायचं राहून गेलं होतं.

म्हणून आता सराव मराठीतूनच सुरू करतो. भाषा ओळखीची असली की पन्नासात एकच शब्द अडतो आणि खुणा कुठे असतात ते डोळ्यांना दिसतं. मागच्या आठवड्यात फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. 'खाण बंद झाली आणि ट्रक दारात उभे राहिले.' 'तो म्हणजे गुणांची खाण.' डिचोलीच्या पोरांना पहिलं वाक्य समजावून सांगावं लागत नाही, 2012च्या खाणबंदीनंतर ते ट्रक त्यांच्या घरच्यांनी बघितलेत. दुसऱ्याला मागच्या बाकावरून शंका आली, "सर, म्हणजे तो पण बंद पडणार?" आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी, घरी कोकणी बोलणारी, वही मिटून म्हणाली, "आमच्याकडे खाण म्हणजे जेवण." मग तिसरं वाक्य तिलाच लिहायला दिलं.