रोल२० आणि फाउंड्री: टेबल नेमकं कुणाच्या घरी?

दूरदूरच्या मित्रांना जमवून डंजन्स अँड ड्रॅगन्ससारखा, पात्रं घेऊन गोष्ट रंगवत खेळायचा खेळ ऑनलाइन चालवायचा म्हटलं की रोल२० आणि फाउंड्री ही दोन नावं हमखास पुढे येतात. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात: चौकटींचा नकाशा, त्यावर टोकन (पात्रांच्या सोंगट्या), कडेला चॅट आणि चॅटमध्ये पडणारे फासे. खेळाडू दोन्हीकडे ब्राउझरमधूनच येतात. त्यामुळे ‘कुठलंही घ्या, एकच’ असं अनेकांना वाटतं. पण खेळ साठवलेला कुठे असतो, हे आधी बघा. बाकीचे फरक तिथूनच निघतात.

२०१२ साली आलेलं रोल२० ही सेवा आहे. नकाशे, कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचा तक्ता) सगळं त्यांच्या सर्व्हरवर. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, झोपला असला तरी एखादा खेळाडू मध्यरात्री लिंक उघडून आपलं शीट नीट करून ठेवू शकतो. मोफत खातं काढून त्याच संध्याकाळी खेळायला बसता येतं. मात्र मोफत खात्यात फायलींना जागा बेताचीच, जास्त हवी तर वर्गणी भरायची.

फाउंड्री २०२० मध्ये आलं आणि ते सॉफ्टवेअर आहे. लायसन्स एकदाच घ्यायचं, तेही फक्त गेम मास्टरने. सर्व्हर म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर! तो बंद केला की खेळाडूंसाठी दार बंद. बाहेरच्यांना आत घेण्यासाठी राउटरवर ३०००० क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडावा लागतो. काही इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक इंटरनेट पत्ता (आयपी) देतात. तिथे राउटरशी कितीही झटापट केली तरी उपयोग होत नाही, भाड्याचा सर्व्हर घेण्यासारखा दुसरा मार्ग शोधावा लागतो.

शिवाय प्रत्येक नकाशा तुमच्या अपलोड स्पीडवर जातो, आणि हे फार जण विसरतात. २० एमबीची पीएनजी फाइल पाच खेळाडूंना म्हणजे १०० एमबी. अपलोड १० एमबीपीएस असेल तर किमान ८० सेकंद सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसणार, तेही नेमकं ड्रॅगन समोर येताना. तीच फाइल वेबपी या हलक्या चित्रप्रकारात करून घेतली तर आकार कितीतरी खाली येतो. हे काम सेशनच्या आदल्या दिवशीच उरकावं.

बोलण्यासाठी दोन्हीकडे सोय आहे, तरी बरेच गट डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरच बोलतात.

माझं मत स्पष्ट आहे. गट नवा असेल, कोण टिकेल हे माहीत नसेल, तर रोल२०. तेच चार-पाच जण वर्षभर खेळणार असतील आणि गेम मास्टरला नकाशातल्या भिंती, उजेड आणि मॉड्यूल (वरून जोडायच्या जादा सोयी) यांत रमायला आवडत असेल, तर फाउंड्री घ्याच. फक्त मोहीम रंगात आलेली असताना नव्या आवृत्तीचं अपडेट दाबू नका; जुनी मॉड्यूल बंद पडू शकतात. दाबायचंच असेल तर आधी बॅकअप घ्या आणि पुढचं सेशन निदान आठवडाभर लांब असू द्या.