ओव्हनचा तापमान सेन्सर : दोषनिदान व बदल

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या विजेवरील ओव्हनमध्ये आतल्या हवेचे तापमान मोजून ते कंट्रोल बोर्डाला कळवणारा भाग. बहुतेक ओव्हनांत तो मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला, पेन्सिलीहून बारीक धातूच्या दांडीच्या रूपात दिसतो. दांडीच्या टोकात प्लॅटिनमचा रोधक असतो. तापमान वाढले की प्लॅटिनमचा विद्युत रोध ठरलेल्या प्रमाणात वाढतो. विल्यम सीमेन्स यांनी 1871 मध्ये या गुणधर्मावर तापमापक बेतला आणि ह्यू कॅलेंडर यांनी 1887 मध्ये तो भरवशाचा करून दाखवला.

पीटी-1000 या प्रकारात 0 अंश सेल्सिअसला रोध 1000 ओहम, 25 अंशांना सुमारे 1097 आणि 180 अंशांना सुमारे 1685 ओहम असतो. काही युरोपीय ओव्हनांत पीटी-500 वापरतात; त्यात हे आकडे निम्मे होतात. आपल्याकडच्या घरगुती ओटीजीमध्ये (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) बहुधा असा सेन्सर नसतोच, तिथे नॉबला जोडलेला यांत्रिक थर्मोस्टॅट असतो. मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन ओव्हनचे कव्हर तर घरी उघडूच नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

केक मधोमध कच्चा राहणे, बिस्किटे तळाशी करपणे किंवा पडद्यावर एरर कोड येणे ही नेहमीची लक्षणे. पण एका घाण्यावरून निष्कर्ष काढू नये. कॉइल चालू-बंद होत असल्याने चांगल्या ओव्हनचे तापमानही लावलेल्या आकड्याच्या वर-खाली होत राहते. ओव्हन नीट तापल्यावर मधल्या जाळीवर ठेवलेल्या तापमापकाच्या चार-पाच वाचनांची सरासरी धरावी. ती थोडीच चुकत असेल, तर अनेक ओव्हनांच्या सेटिंगमध्ये काही अंशांची दुरुस्ती करता येते. नवा भाग लागत नाही.

तपासणीआधी एमसीबी बंद करून ओव्हन पूर्ण थंड होऊ द्यावा. कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने दोन्ही वायरींमधला रोध मोजावा. अनंत रोध दिसला तर आतली तार तुटली आहे; शून्याजवळ असेल तर शॉर्ट आहे. दांडीचे धातूचे आवरण आणि कोणतीही एक वायर यांच्यात मात्र जोड दिसता कामा नये. खरी कसोटी लागते ती कनेक्टरवर, आणि घाईत नेमका तोच तपासायचा राहतो. गंजलेल्या पिनेने 20 ओहमांची भर घातली, तर बोर्डाला ओव्हन आहे त्याहून पाच-साडेपाच अंश गरम वाटतो आणि पदार्थ कच्चा राहतो. म्हणून वायर हलवत मोजावे, आणि तेच मोजमाप बोर्डाच्या टोकाकडूनही घ्यावे. सेन्सरजवळ आकडा बरोबर आणि बोर्डाकडे चुकीचा आला, तर दोष मधल्या वायरीत आहे. काढलेल्या पीटी-1000 सेन्सरचे फक्त टोक उकळत्या पाण्यात धरून 1385 ओहम येतात का, हेही पाहता येते. पुण्यासारख्या उंचीवर पाणी सुमारे 98 अंशांनाच उकळते, त्यामुळे तिथे 1377 च्या आसपास आकडा योग्य समजावा.

बदलण्याचे काम सोपे आहे. दोन स्क्रू काढून दांडी हळूच पुढे ओढली की वायर व कनेक्टर बाहेर येतात. भिंतीकडची वायर चिमट्याने अडकवून ठेवावी, कारण ती भोकातून मागे निसटली तर अख्खा ओव्हन बाहेर ओढून मागचा पत्रा काढावा लागतो. ध्रुवता नसल्यामुळे वायरी उलटसुलट जोडल्या तरी चालतात. सांधा करायचाच झाला, तर उच्च तापमानाचे सिरॅमिक कनेक्टर वापरावेत. साधी इन्सुलेशन टेप उष्णतेने वितळते. नवा भाग मॉडेल क्रमांकावरूनच घ्यावा, कारण दिसायला सारख्या दांड्यांचा रोध वेगळा असू शकतो. बसवल्यावर दांडीला जाळी किंवा भांडे टेकत नाही ना, हे बघून मगच वीज सुरू करावी. नवा सेन्सर बरोबर मोजत असूनही तोच एरर कोड परत आला, तर वायरिंग आणि मग कंट्रोल बोर्ड तपासावा.