टायरमधील हवेचा दाब : एकके आणि मापके

मोटारीच्या टायरमधील हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त जोराने टायरला आतून रेटते, याचे माप म्हणजे टायरचा दाब. यातले ‘बाहेरच्या हवेपेक्षा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पंक्चर होऊन पार बसलेल्या टायरमध्येही वातावरणाच्या दाबाची हवा असतेच, तरी गेज, म्हणजे दाब मोजणारे उपकरण, शून्य दाखवते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १४.७ पीएसआय (दाबाचे एक एकक) असतो. म्हणजे गेजवर ३२ आकडा दिसतो तेव्हा आतला निरपेक्ष, म्हणजे वातावरणाचा दाब धरून होणारा एकूण दाब ४६.७ पीएसआयच्या आसपास असतो.

पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर पडणारे पौंडांतले बल. बोलताना नुसते ‘बत्तीस’ म्हटले की हेच एकक गृहीत असते. बार हे मेट्रिक एकक असून १ बार म्हणजे १०० किलोपास्कल किंवा १४.५ पीएसआय. पास्कल हे आंतरराष्ट्रीय पद्धतीतील एकक फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांच्या नावाने १९७१ मध्ये स्वीकारले गेले. जुन्या तबकड्यांवर ‘किलो प्रति चौरस सेंटिमीटर’ हेही एकक आढळते. ३२ पीएसआय म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल, २.२ बार किंवा २.२५ किलो. बार आणि किलो यांत जेमतेम दोन टक्क्यांचा फरक असल्याने त्यांची अदलाबदल झाली तरी टायरचे फारसे बिघडत नाही.

खरी चूक होते ती तापमानाकडे दुर्लक्ष केल्याने. बंद टायरमधील हवा तापली की तिचा निरपेक्ष दाब त्याच प्रमाणात वाढतो. वरच्या उदाहरणात तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, तर दाब सुमारे दीड पीएसआयने चढतो. म्हणून वाहननिर्माते दाब ‘थंड’ टायरचा देतात, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतरचा. धावून आलेल्या गाडीच्या टायरचा दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडली, तर टायर गार झाल्यावर ती कमी पडते. उंचीचाही परिणाम होतो. ३,००० मीटर उंचीवर बाहेरचा दाब सुमारे ४.५ पीएसआयने घटतो आणि टायरमध्ये हवेचा एक कणही न भरता गेजवरचा आकडा तेवढा वाढू शकतो. मात्र तिथल्या थंडीमुळे ही वाढ बरीचशी झाकली जाते.

पेनासारख्या गेजमध्ये हवा एका दट्ट्याला स्प्रिंगविरुद्ध ढकलते आणि आकडे कोरलेली पट्टी बाहेर सरकते. तबकडीच्या गेजमध्ये बहुधा बूर्दों नळी असते. युजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही तितकीच देखणी वाटते. एका टोकाला बंद असलेली चपटी, वाकवलेली धातूची नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाची हालचाल दातेरी चाकांमार्फत काट्यापर्यंत पोहोचते. डिजिटल गेजमध्ये दाबाने वाकणाऱ्या पातळ पडद्यावरील विद्युतरोध बदलतो. मात्र आकड्यात दशांश स्थळ दिसते म्हणून मापन तेवढे अचूक असेलच असे नाही. आपटलेल्या गेजवर तर मुळीच विसंबू नये. गेज व्हॉल्व्हवर घट्ट आणि सरळ बसले नाही, तर हवा फुसफुसत निसटते आणि आकडा कमी येतो.

किती दाब हवा, हे चालकाच्या दाराजवळच्या चिकटपत्रावर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे.

अलीकडच्या बऱ्याच मोटारींत दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा असते. अमेरिकेच्या नियमानुसार शिफारशीपेक्षा दाब २५ टक्क्यांनी घटला की इशाऱ्याचा दिवा लागावा लागतो, म्हणजे ३२ चे २४ होईपर्यंत दिवा न लागणेही नियमात बसते. काही यंत्रणा दाब प्रत्यक्ष मोजत नाहीत, चाकांच्या फिरण्याच्या वेगातील फरकावरून ताडतात. अशा वेळी चारही टायरमधील हवा सारखीच कमी झाली, तर ती त्यांच्या लक्षात येईलच असे नाही.