घाट उतरणारी सायकल: ब्रेक, लिफ्ट आणि पाणी

आंबोलीहून सावंतवाडीकडे सायकल सोडली की पेडल मारायचं काम जवळपास उरत नाही. सहाशेहून अधिक मीटरचा उतार पृथ्वीच आपल्याला ओढून नेते, आपण फक्त थोपवायचं. हे थोपवणं किती मोठं काम आहे ते आकड्यांत पाहावं. माणूस ७५ किलो, सायकल १५ किलो, उभा उतार ६०० मीटर: एवढ्यात सुटणारी ऊर्जा दीड लिटर पाणी उकळायला पुरते. डांबरी रस्त्यावर वेग असतो, त्यामुळे तिचा बराच वाटा हवा घेते. पायवाटेवर वेग कमी, म्हणून जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकवर येते. उतारावरच्या सायकलिंगचा सुरुवातीचा इतिहास म्हणजे ही उष्णता कुठे टाकायची याचाच शोध आहे.

आपल्याकडची जुनी काळी सायकल, २८ इंची चाकांची आणि दांड्याच्या ब्रेकची, सपाट रस्त्यासाठी केलेली होती. तिचे रबरी गुटके क्रोमच्या पोलादी रिमला आतून लागतात. रिम ओली झाली की ब्रेक दाबूनही चाक काही फेरे तसंच फिरत राहतं, कारण आधी पाणी पुसलं जावं लागतं. पावसाळी घाटात ती सायकल हातात धरून उतरवणंच शहाणपणाचं होतं.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन काउंटीत १९७०च्या दशकात काही तरुणांनी १९३०-४०च्या काळातल्या जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावरून सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या एका वणवारोधक मातीरस्त्यावर पहिली शर्यत झाली. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आत, उतार सुमारे ४०० मीटर. या सायकलींचा मागचा ब्रेक पेडल उलटं दाबून लागायचा. त्याचे घासणारे तुकडे हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आतच फाकतात आणि हबच्या कवचाला घासतात. उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही, त्यामुळे आतलं ग्रीस वितळायचं, जळायचं, धूर निघायचा. खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरूनच शर्यतीला रीपॅक, म्हणजे ‘पुन्हा भरा’, हे नाव पडलं. चार्ली केली शर्यती भरवायचा. गॅरी फिशरची ४ मिनिटं २२ सेकंदांची वेळ तिथला विक्रम ठरली.

१९७७मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. ब्रेक हबमधून रिमवर आले. १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर ही सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने निघाली आणि माउंटन बाइक दुकानात मिळू लागली. पुढचा टप्पा धक्क्यांचा. १९८९मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा धक्के शोषणारा पुढचा फोर्क आला, तो जेमतेम दोन इंच दबायचा. आज डाउनहिल, म्हणजे फक्त उतरण्यासाठीच्या, सायकलीचे दोन्ही चाकांचे धक्काशोषक चाकाला साधारण २०० मिलिमीटर हलू देतात. १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्यात डाउनहिल हा वेगळा प्रकार होता आणि पुरुषांत ग्रेग हर्बोल्ड जिंकला.

रिमवरच्या ब्रेकची अडचण मात्र उतार लांबला की उघडी पडते. रिम तापते, आतली हवा तापते, ट्यूब फुटते. चिखल लागला की गुटके कानशीसारखे रिम खातात. म्हणून १९९०च्या दशकाच्या शेवटी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक रुळले: यात तेलाच्या दाबाने पॅड हबवरच्या तबकडीला चिमटतात. आता डाउनहिलला साधारण २०३ मिलिमीटरची तबकडी असते. कोकणात या ब्रेकची एक खोड माहीत असायलाच हवी. काही ब्रेकमध्ये असणारं डॉट-४ हे तेल हवेतला ओलावा शोषतं. मानकाप्रमाणे कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा भिनल्यावर तो १५५पर्यंत उतरू शकतो. तेल उकळलं की नळीत वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकतो, ब्रेक लागत नाही. आपल्या हवेत दर पावसाळ्यानंतर तेल बदलावं. दुसऱ्या ब्रेकमधलं मिनरल ऑइल ओलावा शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी कॅलिपरच्या, म्हणजे तबकडी चिमटणाऱ्या भागाच्या, तळाशी बसतं आणि १०० अंशांनाच उकळतं, म्हणजे तिथेही सुटका नाही. ओल्या मातीत ऑरगॅनिक पॅड लवकर झिजतात, सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड जास्त टिकतात. ब्रेक सतत हलका धरून उतरू नये. वळणाआधी जोरात दाबावा, वळणात सोडावा, म्हणजे तबकडीला निवायला वेळ मिळतो.

युरोपात आल्प्सच्या स्की गावांनी यात वेगळीच भर घातली. तिथे स्कीवाल्यांना तारेवरच्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट आधीच होत्या, पण उन्हाळ्यात मोकळ्या. खुर्चीला सायकल अडकवायची सोय केली की त्याच लिफ्टला उन्हाळी गिऱ्हाईक मिळालं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पसरलेल्या पोर्त द्यू सोलेय या डोंगराळ भागातली मोर्झिन, ले जे ही गावं याच कामासाठी नावाजली. आल्प द्युएझची मेगाव्हॅलांश १९९५पासून भरते. पिक ब्लाँच्या ३,३०० मीटर उंचीवर, हिमनदीच्या बर्फावर सुटायचं आणि अडीच हजारांहून अधिक मीटर खाली यायचं. कॅनडात व्हिस्लरचं बाइक पार्क १९९९मध्ये सुरू झालं, तिथे यंत्रांनी माती घडवून बांधीव वळणं आणि उड्या केल्या. वाटांना हिरवा, निळा, लाल, काळा असे अवघडपणाचे रंग युरोपात स्कीवरूनच आले.

लिफ्टमुळे एक माणूस दिवसात दहा-बारा वेळा उतरू लागला. चढायचं नसल्यानं सायकली दणकट झाल्या. वाटा मात्र खचू लागल्या. ब्रेक लावायच्या जागी खळगे पडतात, खळग्यात पाणी साचतं, पाणी माती नेतं. १९८८मध्ये स्थापन झालेल्या इम्बा या माउंटन बाइकवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने यावर जे नियम रूढ केले ते कोकणाला लिफ्टपेक्षा जास्त कामाचे आहेत. वाटेचा सरासरी उतार १० टक्क्यांच्या आसपास ठेवावा. डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून वाट तीव्र नसावी, म्हणजे बाजूचा उतार ३० टक्के असेल तर वाट १५च्या आत. वाटेची बाहेरची कड साधारण ५ टक्के झुकलेली असावी, आणि ठरावीक अंतराने वाटेला छोटा चढ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच खाली वळतं.

आपल्या पाखाड्या नेमक्या याच्या उलट आहेत: डोंगराच्या सरळ उताराला धरून, चिऱ्याच्या पायऱ्यांच्या. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्याला त्या योग्य. सायकलीला प्रत्येक पायरीच्या कडेवर पुढचं चाक अडतं, आणि गावाची रोजची ये-जा तिथूनच असते. त्या सोडून द्याव्यात. नवी वाट सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या पठाराच्या, कडेने आडवी काढावी. जांभा कोरडा असताना टायरला घट्ट धरतो, पण त्याची सुटी गोल खडी वर पसरली की वळणात चाक सरकतं. पावसाळ्यात शेवाळ धरल्यावर त्यावर ब्रेकच लागत नाही. तेव्हा जून ते सप्टेंबर वाट बंद ठेवावी. आधी सातबारावरच्या सगळ्या नावांची संमती घ्यावी (कोकणात ती नावं पंधरा-वीसही असतात), वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी, आणि देवराईतून वाट नेऊच नये. दिवाळीच्या सुमारास पहिलं काम फावड्याचं: पाणी वळवायच्या जागी साचलेला गाळ आणि पालापाचोळा काढायचा, बाहेरच्या कडेला पावसात चढलेला मातीचा बांध तोडायचा, कारण तो राहिला तर पुढच्या पावसात पाणी वाटेवरूनच व्हाळासारखं खाली धावतं.