ग्राफाइट भट्टी अणुशोषण पद्धत (पाण्यातील शिशाचे मापन)

लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतके अल्प शिसे मोजण्याची पद्धत. नमुना तापवून शिशाचे अणू मोकळे करतात आणि ते किती प्रकाश शोषतात त्यावरून शिशाचे प्रमाण काढतात. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. नमुना ज्योतीत फवारणाऱ्या ज्वाला पद्धतीची शोधमर्यादा (ओळखता येणारे किमान प्रमाण) जवळपास तेवढीच असल्याने ती इथे कामाची नाही. फवाऱ्यातला जेमतेम दहावा हिस्सा ज्योतीत पोहोचतो आणि अणू प्रकाशाच्या वाटेतून लगेच निघून जातात. ग्राफाइटच्या नळीत अख्खा नमुना तापवला की अणू आतच कोंडले जातात. बोरिस ल्वोव यांनी ही युक्ती १९५९ मध्ये लेनिनग्राडला मांडली.

नमुन्याची पॉलिएथिलीनची बाटली आधी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्याने धुतात. नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात, नाहीतर शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते. फक्त विरघळलेले शिसे हवे असेल, तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचे, मग आम्ल. क्रम उलटला की गाळातले शिसेही विरघळते आणि आकडा फुगतो. नळाचे पाणी रात्रभर साचलेले की सोडून दिल्यानंतरचे, हे चिठ्ठीवर लिहिलेच पाहिजे. पितळी तोटीतून शिसे झिरपते.

नळीत २० मायक्रोलिटर नमुना आणि थोडे अमोनियम फॉस्फेट व मॅग्नेशियम नायट्रेट सोडतात. ११० ते १३० अंश सेल्सिअसला तो सुकवतात. घाई केली तर थेंब तडतडून उडतो. पुढे सुमारे ८५० अंशांना सेंद्रिय द्रव्य व क्षार जाळतात. फॉस्फेट नसते तर एवढ्या उष्णतेत शिसेही उडाले असते. मग नळीतून वाहणाऱ्या आर्गॉन वायूचा प्रवाह थांबवून झटकन १६०० ते १८०० अंश गाठतात आणि २८३.३ नॅनोमीटर तरंगलांबीवर शोषण-शिखराचे (शोषणाच्या आलेखातल्या उंचवट्याचे) क्षेत्रफळ मोजतात. २१७.० ची रेषा जास्त संवेदनशील, पण तिथे गोंगाटही (आकड्यांतली अस्थिर चढउतार) जास्त. शेवटी २४०० अंशांच्या वर नळी साफ करतात.

खरी डोकेदुखी खाडीलगतच्या खाऱ्या पाण्याची. क्लोराइडशी जोडलेले शिसे जाळण्याच्या टप्प्यातच निसटते, म्हणून आकडा कमी येतो. उरलेल्या मिठाचा धूर प्रकाश विखुरतो, त्यामुळे तो जास्तही येऊ शकतो. धुरावर झीमन दुरुस्ती (चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने धुराचा वाटा वेगळा काढून वजा करणे) उपयोगी पडते. निसटलेल्या शिशावर मात्र तिचा इलाज नाही. त्यासाठी नमुना पाचपट पातळ करून पाहावा किंवा त्यातच ज्ञात शिसे मिसळून मोजावे. मिसळलेल्यापैकी ८५ टक्केही परत मिळाले नाही, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

प्रत्येक तुकडीत कोरा नमुना (तशाच प्रक्रियेतून नेलेले शिसे नसलेले पाणी) हवाच. प्रयोगशाळेतली धूळ आणि हलक्या प्रतीचे आम्ल एवढ्यानेही तो बिघडतो. एकाच नमुन्याची लागोपाठची दोन मापने १० टक्क्यांहून जास्त फरक दाखवू लागली, तर आधी स्वयंचलित पिपेटचे टोक नळीत नीट उतरते का ते बघावे. ते ठीक असेल, तर नळी झिजली आहे. काहीशे वेळा तापवल्यावर हे होतेच. नळी बदलली की मापनवक्र (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला आलेख) नव्याने काढावा लागतो, जुना चालत नाही.